पुडी, हूल आणि सही

फुटबॉलपटूला एका क्लबातून दुसऱ्या क्लबात हवे तेव्हा जाता येत नाही. त्यासाठी वर्षातून दोनदा दार उघडते आणि ठरल्या दिवशी, ठरल्या मिनिटाला बंद होते. फिफाच्या नियमांत या मुदतीला नोंदणीचा काळ म्हणतात. बोलण्यात तिचे नाव ट्रान्सफर विंडो. लहान मुदत जानेवारीत येते आणि मोठी युरोपच्या उन्हाळ्यात, दोन हंगामांच्या मधल्या सुटीत. उन्हाळा तिकडचा. भंडारा जिल्ह्यात ही खिडकी उघडते तेव्हा धानाचे पऱ्हे टाकायची घाई असते, ती ऐन भरात असते तेव्हा बांध्यांत रोवणी चाललेली असते आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला ती मिटते तेव्हा पीक गुडघ्याला लागलेले असते. इंग्लंडमध्ये ती बरीच वर्षे रात्री अकराला मिटत असे, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेतीन. २०२५ मध्ये प्रीमियर लीगने ती वेळ संध्याकाळी सातवर आणली आणि तुमसर-साकोलीच्या पोरांचे मोबाइलवरचे जागरण रात्री साडेअकराला आटोपले.

या तीनेक महिन्यांत खरे सामने फारसे होत नाहीत. गोल नाही, गुणतक्ता नाही. तरी फुटबॉलची चर्चा याच काळात सर्वांत जोरात असते आणि ती बहुतांशी अफवांची असते. अमका क्लब तमक्याला घेणार, बोली फेटाळली, खेळाडू नाराज, विमान निघाले. मराठीत अफवेला शब्द पुष्कळ आहेत आणि इथे ते सगळे कामाला येतात. कुणीतरी मुद्दाम सोडते ती पुडी. मुळातच खोटी असते ती कंडी. दुसऱ्याला चकवण्यासाठी दिली जाते ती हूल. मैदानावर बचावपटूला देतात तीच. बाहेरून पाहणाऱ्याला हा रिकामटेकड्यांचा गोंगाट वाटतो, पण यातल्या बऱ्याच पुड्यांमागे कुणाचा तरी व्यवहार असतो. अफवा हे या बाजारातले वजनमाप नव्हे, हत्यार आहे.

आधी बाजारात विकले काय जाते ते पाहिले पाहिजे. खेळाडू हा क्लबाचा करारबद्ध नोकर असतो आणि त्याची नोंदणी त्या क्लबाच्या नावावर असते. करार संपायच्या आत दुसऱ्या क्लबाला तो हवा असेल तर पहिल्या क्लबाला मोबदला द्यावा लागतो. हा मोबदला म्हणजे ट्रान्सफर फी. पूर्वी करार संपल्यावरही खेळाडू मोकळा होत नसे. बेल्जियमच्या लिएज क्लबाचा जाँ-मार्क बोसमन फ्रान्सच्या डंकर्क क्लबाकडे जायला निघाला, त्याचा करार संपलेला होता, तरीही व्यवहार अडला. तो न्यायालयात गेला आणि १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की करार संपल्यावर युरोपीय संघातला खेळाडू फीशिवाय दुसऱ्या सदस्य देशात जाऊ शकतो. आजच्या बहुतेक अफवा या निकालाच्या पोटातून निघतात. कराराचे शेवटचे वर्ष लागले की क्लबाला घोर पडतो: आज विकला तर पैसे, पुढच्या वर्षी फुकट. शेवटच्या सहा महिन्यांत तर खेळाडू दुसऱ्या क्लबाशी पुढचा करार उघडपणे करू शकतो. म्हणून अफवा खरी की खोटी हे जोखायला त्या खेळाडूच्या कराराची किती वर्षे उरली, एवढे एक पाहिले तरी निम्मे काम होते.

दोन ठरावीक खिडक्यांची पद्धत जगभर सक्तीची झाली ती २००२-०३ च्या हंगामापासून. ऑक्टोबर २०१० पासून देशादेशांतले सौदे फिफाच्या संगणक प्रणालीत नोंदवणे बंधनकारक झाले. विकणारा आणि घेणारा, दोन्ही क्लब आपापली माहिती तिथे भरतात, ती जुळली तरच काम पुढे सरकते. सेकंदाचाही उशीर चालत नाही. ऑगस्ट २०१५ च्या शेवटच्या रात्री मँचेस्टर युनायटेडचा गोलरक्षक दाविद दे हेआ रिअल माद्रिदला जाणार हे जगाने गृहीत धरले होते. कागद वेळेत पोचले नाहीत, सौदा बारगळला आणि दोन्ही क्लब पत्रके काढून एकमेकांकडे बोट दाखवत बसले. २०१७ मध्ये पोर्तुगालच्या आद्रियेन सिल्व्हाची लेस्टर सिटीकडची नोंदणी १४ सेकंदांनी हुकली. फिफाने दाद दिली नाही. घेतलेला खेळाडू जानेवारीपर्यंत नुसता सराव करत राहिला.

आता पुड्या सोडणाऱ्यांकडे. पहिला मान एजंटाचा. खेळाडूचा पगार वाढवून घ्यायचा असेल तर दुसऱ्या क्लबाला रस आहे अशी कुजबुज पत्रकाराच्या कानावर घालणे, हा त्याचा सर्वांत स्वस्त उपाय. बातमी छापून येते, सध्याचा क्लब घाबरतो, नवा करार होतो आणि खेळाडू जागचा हलतही नाही. विकणाऱ्या क्लबाला गिऱ्हाइके वाढवायची असतात, म्हणून एका खऱ्या बोलीच्या भोवती तीन काल्पनिक बोल्या उभ्या राहतात. घेणारा क्लब उलटे करतो. हवा असतो एक, नाव पुढे करतो दुसऱ्याचे, म्हणजे पहिल्याचा भाव चढत नाही. विदर्भाच्या बैलबाजारात दलाल रुमालाखाली हात घालतात आणि बोटे दाबून भाव सांगतात, बाजूला उभ्या असलेल्या माणसाला आकडा कळू नये म्हणून. फुटबॉलच्या बाजारात रुमाल आहेच, पण तो पसरण्याआधी एक खोटा आकडा मोठ्याने ओरडला जातो.

ही सगळी यंत्रे एकाच सौद्यात फिरताना पाहायची तर २०२५ च्या उन्हाळ्यातले अलेक्झांडर इसाकचे प्रकरण घ्यावे. हा स्वीडिश आघाडीवीर न्यूकॅसलकडे होता आणि त्याचा करार २०२८ पर्यंत होता, म्हणजे क्लबाला विकायची घाई नव्हती. जुलैत न्यूकॅसलचा संघ आशियाच्या दौऱ्यावर निघाला आणि इसाक मागे राहिला. कारण दिले गेले मांडीच्या दुखण्याचे. थोड्याच दिवसांत तो स्पेनमध्ये आपल्या जुन्या क्लबाच्या, रिअल सोसिएदादच्या, मैदानावर एकटा सराव करत असल्याचे कळले. दुखणे कोणते होते ते मग सगळ्यांना उमगले. लिव्हरपूलची ११ कोटी पौंडांची बोली ऑगस्टच्या सुरुवातीला फेटाळली गेली. १९ ऑगस्टला इसाकने समाजमाध्यमावर जाहीर लिहिले की दिलेली वचने मोडली गेली, आता हे नाते पुढे चालू शकत नाही. असे वचन कुणी दिलेच नव्हते, असे न्यूकॅसलने त्याच दिवशी उत्तर दिले. इथवर अफवेची गरजच संपली होती, भांडण चव्हाट्यावर होते. १ सप्टेंबरला, शेवटच्या दिवशी, १२.५ कोटी पौंडांना सौदा झाला. ब्रिटनमधला तोवरचा सर्वांत मोठा.

त्याच संध्याकाळी लिव्हरपूलला क्रिस्टल पॅलेसचा बचावपटू मार्क गेही मिळणार होता. रक्कम ठरली होती, वैद्यकीय तपासणीपर्यंत गाडी गेली होती. पण पॅलेसला त्याच्या जागी घ्यायचा खेळाडू मिळाला नाही आणि त्यांनी ऐनवेळी हात आखडता घेतला. सौदे असे साखळीने बांधलेले असतात. एक कडी निसटली की तिसऱ्याच गावातला माणूस जागेवर राहतो. दुपारी पूर्ण खरी असलेली बातमी रात्री खोटी ठरते आणि वाचक बातमीदाराला शिव्या देतो. बहुतेक वेळा बातमीदाराचा त्यात दोष नसतो.

अफवांची एक ठरलेली भाषा आहे आणि ती ओळखायला शिकले की बरीच फसवणूक टळते. ‘रस आहे’ या शब्दांना जवळजवळ काहीच किंमत नसते. चांगल्या खेळाडूत प्रत्येक क्लबाला रस असतोच. ‘विचारणा केली’ म्हणजे कुणीतरी कुणाला तरी फोन केला. ‘वैयक्तिक अटी मान्य’ याचा अर्थ खेळाडू आणि नवा क्लब यांचे पगारावर जुळले, पण ज्याच्या हातात नोंदणी आहे त्या क्लबाला अजून कुणी विचारलेले नसू शकते. मुलीला मुलगा पसंत आहे, बापाशी बोलणी व्हायची आहेत, अशी ही अवस्था. ‘दोन्ही क्लबांत सहमती’ हा खरा टप्पा. त्यानंतर वैद्यकीय तपासणी, मग सही, मग फोटो. नेपल्सचा इटालियन पत्रकार फाब्रित्सिओ रोमानो जगप्रसिद्ध झाला तो या टप्प्यांची शिस्त पाळल्यामुळे. सौदा पक्का झाल्याशिवाय तो आपले ‘हिअर वी गो’ हे पालुपद लिहीत नाही असा त्याचा लौकिक आहे आणि चाहते क्लबाच्या पत्रकापेक्षा त्या तीन शब्दांची वाट पाहतात.

खंडनाला मात्र फार भाव देऊ नये. जुलै २००० मध्ये फ्लोरेंतिनो पेरेझ रिअल माद्रिदच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवत होते आणि निवडून आलो तर बार्सिलोनाचा लुईस फिगो आणीन, असे आश्वासन त्यांनी दिले होते. फिगोने त्या काळात बार्सिलोनातच राहणार असे सांगितले. पेरेझ जिंकले, आणि महिना संपायच्या आत फिगोच्या हातात रिअलची पांढरी जर्सी होती.

निव्वळ कंड्यांचाही एक इतिहास आहे आणि तो सगळ्यात मजेशीर. जानेवारी २००९ मध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’ने जगातल्या उगवत्या ५० फुटबॉलपटूंची यादी छापली. तिसाव्या क्रमांकावर माल्डोव्हाचा सोळा वर्षांचा मासाल बुगदुव्ह होता. आर्सेनल त्याच्या मागावर असल्याचेही सांगितले होते. असा खेळाडू अस्तित्वातच नव्हता. कुणीतरी बनावट बातम्या रचून, त्या इंटरनेटवर पेरून ठेवल्या होत्या आणि एकाने दुसऱ्याचे पाहून लिहीत ते नाव प्रतिष्ठित पानापर्यंत पोचले होते. नावाचा उच्चार आयरिश भाषेतल्या एका प्रसिद्ध कथेच्या शीर्षकाजवळ जातो, असे नंतर लोकांच्या ध्यानात आले. त्या शीर्षकाचा अर्थ ‘माझे छोटे काळे गाढव’. जेजुरीच्या बाजारात निदान गाढव समोर उभे तरी असते.

त्याआधी, १९९६ मध्ये, साउथॅम्प्टन क्लबाला एक फोन आला होता. बोलणाऱ्याने आपण जगातला सर्वोत्तम खेळाडू जॉर्ज विया असल्याचे सांगून आपल्या ‘नातेवाईका’ची शिफारस केली. अली दिया नावाचा तो सेनेगली माणूस २३ नोव्हेंबरला लीड्सविरुद्ध खरोखरच मैदानात उतरला. तासाभराच्या आत त्याला परत बोलवावे लागले. आपल्याकडेही फार वेगळे नाही. जुलै २०२५ मध्ये भारताच्या राष्ट्रीय संघासाठी प्रशिक्षक शोधला जात होता. स्पेनचा थोर मध्यरक्षक झावी याने अर्ज केल्याची बातमी दोन दिवस देशभर गाजली. मग अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने खुलासा केला की झावी आणि पेप ग्वार्दिओला या दोघांच्या नावाने ईमेल आले होते, पण ते अस्सल नव्हते. १ ऑगस्टला नेमणूक झाली ती खालिद जमील यांची. मुंबईच्या महिंद्र युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळलेला, मुंबई एफसीला घडवणारा हा माणूस. त्याच्या नावाची अफवा उठवावी असे कुणाला वाटले नव्हते.

भारतातल्या संघबदलाचे जुने माहेर कोलकाता. तिथे खेळाडूला स्वतः आयएफएच्या, म्हणजे बंगालच्या फुटबॉल संघटनेच्या, कार्यालयात येऊन सही करावी लागे, आणि म्हणून ईस्ट बंगाल व मोहन बागानची माणसे हव्या त्या खेळाडूला आधीपासून ताब्यात घेऊन गुप्त ठिकाणी ठेवत. अमका अमक्याच्या घरी लपवला आहे, ही तिथली अफवा. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) सुरू झाली तेव्हा खेळाडू ड्राफ्टने, म्हणजे पाळीपाळीने निवडून, वाटले गेले. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये अनस एडाथोडिका आणि युजिनसन लिंगडोह यांची किंमत प्रत्येकी १ कोटी १० लाख रुपये होती. जिथे पाळी ठरलेली आणि किंमत लावलेली, तिथे अफवेला काम नसते. पुढे बाजार खुला झाला आणि भारतातही युरोपसारखी उन्हाळी कुजबुज सुरू झाली.

तिचा सर्वांत जवळचा अनुभव गोव्याला २०२० मध्ये आला. एफसी गोवाने नुकतीच साखळीतली अव्वल जागा पटकावून शिल्ड जिंकली होती, पण प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना हंगाम संपायच्या आधीच काढले होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबई सिटी क्लबाची बहुतांश मालकी मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाकडे गेली होती. लोबेरा मुंबईत येणार आणि आपली माणसे घेऊन येणार, ही आवई टाळेबंदीच्या सगळ्या महिन्यांत उठत राहिली. ती अक्षरशः खरी निघाली. मूर्तादा फॉल, अहमद जाहू, करारातली ठरीव रक्कम भरून सोडवलेला ह्युगो बुमू, आणि गोव्याचाच मंदार राव देसाई, असा अर्धा कणा गोव्याहून मुंबईला हलला. कोविडमुळे त्या वर्षीचे सर्व सामने गोव्यातच झाले. १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर मुंबईने मोहन बागानला २-१ असे हरवून करंडक उचलला. प्रेक्षक नव्हते, गोव्याच्या चाहत्यांसाठी कदाचित ते बरेच झाले.

सही झाल्यावरही भांडण मिटेलच असे नाही. बचावपटू अन्वर अली दिल्ली एफसीकडून मोहन बागानकडे चार वर्षांच्या लोनवर, म्हणजे उसनवारीवर, होता. २०२४ च्या उन्हाळ्यात त्याने ते लोन मोडले आणि थेट ईस्ट बंगालशी करार केला. सप्टेंबरमध्ये महासंघाच्या समितीने त्याच्यावर चार महिन्यांची बंदी घातली, मोहन बागानला १२ कोटी ९० लाखांची भरपाई द्यायला सांगितले आणि दिल्ली एफसी व ईस्ट बंगालला दोन खिडक्यांसाठी नवी नोंदणी बंद केली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आदेश मागे घेतला गेला आणि फेरसुनावणी ठरली. अन्वर दरम्यान खेळत राहिला. पुढच्या उन्हाळ्यात तर उलटी गंमत झाली. जुलै २०२५ मध्ये आयएसएलच्या आयोजकांनी स्पर्धाच थांबवून ठेवली. खेळाडू कुठे जाणार यापेक्षा खेळायला लीग असणार का, ही अफवा मोठी ठरली.

महाराष्ट्रात संघबदलाची गरमागरमी पाहायची तर आयएसएलकडे नाही, कोल्हापूरकडे जावे लागते. तिथे क्लबांची नावे पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब अशी. कुस्तीच्या तालमींतून फुटबॉल वाढला आणि संघ पेठेचा झाला. शाहू स्टेडियमवरचा हंगाम सुरू होण्याआधी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे खेळाडूंची नोंदणी होते. त्या आधीचे दिवस म्हणजे कोल्हापूरची खिडकी. कोण कुणाकडून सही करणार, कोणता परदेशी खेळाडू येणार, यावर कट्ट्यांवर पैजा लागतात. मंगळवार पेठेचा पोरगा शिवाजी पेठेकडून उतरला तर तो नुसता व्यवहार राहत नाही; गल्लीतून जाताना त्याला लोकांच्या नजरा झेलाव्या लागतात. रक्कम युरोपच्या मानाने नगण्य, पण अफवेला लागणारे दोन्ही घटक इथे हजर: एक मुदत, आणि दोन बाजूंचे लोक.

पूर्व विदर्भात चित्र निवांत आहे. फुटबॉलचे जुने केंद्र नागपूर आणि कामठी. कामठीचा रब्बानी क्लब त्या परंपरेतला. साठेक किलोमीटरवरच्या भंडाऱ्यात गावोगावच्या मैदानांवर खेळ होतो, पण मोठ्या क्लबांचा बाजार तिथवर पोचत नाही. तरीही परदेशातल्या सौद्याचा आणि अशा मैदानाचा एक कागदी धागा जुळू शकतो, आणि तो फार कमी लोकांना ठाऊक असतो. करार चालू असलेला खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला की फिफाच्या नियमाने फीचे ५ टक्के त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. वयाच्या १२ ते १५ या प्रत्येक वर्षासाठी पाव टक्का आणि १६ ते २३ या प्रत्येक वर्षासाठी अर्धा टक्का. समजा, एखादा मुलगा १३ आणि १४ व्या वर्षी जिल्ह्यातल्या क्लबाकडून खेळला आणि पुढे कधीतरी २ कोटी रुपयांना परदेशातल्या क्लबाकडून दुसऱ्या देशात गेला, तर त्या क्लबाचा वाटा अर्धा टक्का, म्हणजे १ लाख रुपये. चेंडू, जाळी आणि चुन्याच्या रेषा यांचा बऱ्याच वर्षांचा खर्च.

हा हक्क सिद्ध होतो तो खेळाडूच्या नोंदणीच्या इतिहासावरून. त्याला प्लेअर पासपोर्ट म्हणतात. महाराष्ट्रात वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनमार्फत महासंघाच्या मध्यवर्ती नोंदणी प्रणालीत क्लबाचे आणि मुलाचे नाव चढलेले असेल, तर धागा सापडतो. मुलगा केवळ स्पर्धेपुरता कुणाच्या तरी जर्सीत खेळला असेल, तर सापडत नाही. वाटपाचे हे काम नोव्हेंबर २०२२ पासून फिफाच्या क्लिअरिंग हाउसकडे जाऊ लागले आहे. घडवणारा क्लब दरम्यान बंद पडला असेल, तर तो वाटा त्या देशाच्या महासंघाला मागता येतो आणि युवा फुटबॉलवर खर्च करावा लागतो.